अर्थांची किंमत मोजलेला कोशकार

इंग्रजी शब्दाचा अर्थ अडला की आपण शब्दकोश उघडतो, अर्थ पाहतो आणि कोश मिटून ठेवतो. तो अर्थ कोणी लिहिला, कोणत्या अवस्थेत लिहिला, असा प्रश्न सहसा मनात येत नाही. कोश ही जणू आपोआप सिद्ध झालेली वस्तू आहे, अशीच आपली समजूत असते. पण इंग्रजीत असा एक कोश आहे की ज्याच्या पानापानांतून त्याचा कर्ता डोकावतो. तो म्हणजे १५ एप्रिल १७५५ रोजी लंडनमध्ये प्रसिद्ध झालेला सॅम्युएल जॉन्सनचा कोश. त्यातला ‘बुक’ हा साधा शब्द पाहावा. पहिला अर्थ, ज्यात आपण वाचतो किंवा लिहितो तो ग्रंथ. दुसरा अर्थ, एखाद्या मोठ्या कृतीचा एक भाग. आपण ज्याला कांड किंवा स्कंध म्हणू तसा. आणि तिसरा अर्थ, व्यापारी ज्यात कर्जाची नोंद ठेवतो ती वही. ग्रंथ आणि कर्जाची वही हे दोन अर्थ कोशात एकाच शब्दाखाली आले आहेत. जॉन्सनच्या आयुष्यातही ते असेच एका छपराखाली नांदले.

सॅम्युएल जॉन्सनचा जन्म १८ सप्टेंबर १७०९ रोजी इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर परगण्यातल्या लिचफिल्ड या गावी झाला. वडील मायकेल जॉन्सन हे ग्रंथविक्रेते. बाजारचौकाच्या कोपऱ्यावर त्यांचे घर होते. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड. मायकेल गावात प्रतिष्ठित होते, पुत्रजन्माच्या वर्षी ते गावचे शेरीफही होते. परंतु व्यवहारात त्यांना यश नव्हते. एका उमरावाचा मोठा ग्रंथसंग्रह त्यांनी विकत घेतला आणि त्या खरेदीचे ओझे त्यांना पुढे पेलवले नाही. मुलाची प्रकृतीही जन्मापासून नाजूक होती. गंडमाळांच्या विकाराने त्याच्या चेहऱ्यावर आणि मानेवर कायमचे व्रण राहिले, डाव्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली, एका कानाने कमी ऐकू येऊ लागले. राजाच्या हस्तस्पर्शाने हा रोग बरा होतो असा त्या काळी समज होता. म्हणून आई सारा हिने त्याला १७१२ साली लंडनला नेऊन राणी ॲनच्या हातचा स्पर्श घडवला. रोग बरा झाला नाही. मात्र त्या प्रसंगी मिळालेली सोन्याची मुद्रा जॉन्सनने आयुष्यभर गळ्यात बाळगली.

अशा या अधू दृष्टीच्या मुलाला वडिलांच्या दुकानाने वाचक बनवले. धाकट्या भावाने वरच्या फळीवर एका जाडजूड ग्रंथामागे सफरचंदे लपवली असावीत, असा त्याला एकदा संशय आला. तो शिडी लावून वर चढला. सफरचंदे मिळाली नाहीत, पण तो ग्रंथ इटालियन कवी पेट्रार्कचा निघाला आणि मुलगा तिथेच वाचत बसला. त्याचे वाचन पुढेही असेच राहिले. पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलेच पाहिजे, असे बंधन त्याने कधी मानले नाही. हाताला लागेल ते उघडायचे आणि त्यातले सत्त्व शोषून घ्यायचे.

१७२८ साली तो ऑक्सफर्डच्या पेम्ब्रोक कॉलेजात दाखल झाला. बुद्धीला तोड नव्हती, पण खिसा रिकामा होता. फाटक्या जोड्यांतून त्याची बोटे बाहेर दिसू लागली, तेव्हा कोणा सहृदय माणसाने त्याच्या दाराशी नवे जोडे आणून ठेवले. जॉन्सनने ते संतापाने भिरकावून दिले. दारिद्र्यापेक्षा दया त्याला अधिक बोचत असे. तेरा महिन्यांनी, पदवी न घेताच, त्याला लिचफिल्डला परतावे लागले.

जवळपासच्या गावांच्या आठवडी बाजारांत मायकेल पुस्तकांचे दुकान मांडत असत. त्यांतलेच एक गाव युटॉक्सिटर. एकदा त्यांनी तरुण सॅम्युएलला बाजाराला येण्यास सांगितले. त्याने साफ नकार दिला. बाजारात उभे राहून पुस्तके विकणे त्याच्या अभिमानाला रुचले नाही. वडील एकटेच गेले. १७३१ च्या डिसेंबरमध्ये मायकेल जॉन्सन वारले. त्यांच्या मालमत्तेतून मुलाच्या वाट्याला आले अवघे वीस पौंड. तो नकार मात्र जॉन्सनच्या मनात पुढची पन्नास वर्षे सलत राहिला.

शिक्षकाची नोकरी करून पाहिली, ती टिकेना. त्याचा अवाढव्य देह, चेहऱ्यावरचे व्रण आणि अंगाला बसणारे चमत्कारिक झटके यांची विद्यार्थी टिंगल करीत. १७३५ साली त्याने एलिझाबेथ पोर्टर या विधवेशी लग्न केले. ती त्याच्याहून वीस वर्षांनी मोठी होती. लोक हसले, पण जॉन्सनचे तिच्यावर मनापासून प्रेम होते आणि तो तिला लाडाने टेटी म्हणत असे. तिच्या पैशांतून लिचफिल्डजवळ एडिअल येथे त्याने शाळा काढली. विद्यार्थी मोजकेच आले आणि शाळा बंद पडली. त्या विद्यार्थ्यांपैकी डेव्हिड गॅरिक हा पुढे इंग्लंडचा सर्वश्रेष्ठ नट म्हणून गाजला. १७३७ च्या मार्चमध्ये गुरू आणि शिष्य दोघेही नशीब काढायला लंडनला निघाले.

तेव्हाच्या लंडनमध्ये ग्रब स्ट्रीट नावाची एक गल्ली होती. मूरफिल्ड्स भागातल्या या गल्लीत पोटासाठी मिळेल ते लिहिणाऱ्या लेखकांची वस्ती असे. जॉन्सनने या नावाला आपल्या कोशात स्थान दिले. किरकोळ इतिहास, शब्दकोश आणि चार दिवसांच्या कविता रचणारे लोक जिथे राहतात ती गल्ली, आणि त्यावरून कोणत्याही हलक्या लेखनाला मिळालेले नाव, असा खुलासा त्याने केला. त्या यादीत शब्दकोश लिहिणाऱ्यांना बसवून त्याने स्वतःलाही वगळले नाही. पुढे १८३० साली त्या गल्लीचे नाव बदलून मिल्टन स्ट्रीट करण्यात आले. पण ‘ग्रब स्ट्रीट’ हा शब्द इंग्रजीत आजही त्याच अर्थाने जिवंत आहे.

हे जीवन जॉन्सनने दहा वर्षे काढले. एडवर्ड केव्हच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये त्याने भाषांतरे केली, चरित्रे लिहिली, पार्लमेंटमधील भाषणांचे वृत्तांत स्वतः हजर नसताना तुटपुंज्या टिपणांवरून रचले. रिचर्ड सॅव्हेज या दुर्दैवी कवीबरोबर, निवाऱ्याला पैसे नाहीत म्हणून, तो रात्र-रात्र रस्त्यांवरून हिंडला. १७४४ मध्ये त्याने सॅव्हेजचे चरित्र प्रसिद्ध केले. केव्हच्या घरी जेवायला आलेल्या एका पाहुण्याने त्या चरित्राची मनापासून स्तुती केली. ते ऐकणारा लेखक त्याच खोलीत पडद्याआड बसून जेवत होता. कपडे इतके जीर्ण की पाहुण्यांसमोर यायची सोय नव्हती.

‘फोलिओ’ या शब्दाचा अर्थ कोशात अगदी सरळ आहे. कागदाचा ताव एकदाच दुमडून ज्याची पाने होतात तो मोठ्या आकाराचा ग्रंथ. पण फोलिओचे वजन किती असते, हे टॉमस ऑसबर्न या ग्रंथविक्रेत्याला जॉन्सनने वेगळ्या रीतीने कळवले, असे सांगतात. ऑसबर्नने घेतलेल्या हार्ली ग्रंथसंग्रहाची सूची करण्याचे काम जॉन्सनकडे होते. सूची करता करता तो पुस्तके वाचत बसे. ऑसबर्नने उद्धटपणे त्याला कामचुकार ठरवले, तेव्हा जॉन्सनने हातातला फोलिओ त्याच्या डोक्यात घालून त्याला आडवा केला. तपशिलाविषयी मतभेद आहेत. मात्र त्याला चोप दिल्याचे जॉन्सनने स्वतः मान्य केले होते.

ग्रंथविक्रेते मात्र सगळेच ऑसबर्न नव्हते. त्या काळचा ‘बुकसेलर’ हा केवळ दुकानदार नसे. तोच प्रकाशकही असे. रॉबर्ट डॉड्सली आणि त्याच्या सहकारी ग्रंथविक्रेत्यांना इंग्रजीचा एक प्रमाण कोश हवा होता. इटालियन आणि फ्रेंच भाषांचे कोश तिथल्या विद्वत्सभांनी केले होते. इंग्लंडमध्ये तशी सभा नव्हती. कोश होते, पण ते बहुतेक कठीण शब्दांपुरते किंवा त्रोटक होते. १७४६ च्या जूनमध्ये ग्रंथविक्रेत्यांनी जॉन्सनशी १,५७५ पौंडांचा करार केला. मदतनिसांचे वेतन आणि कागद याच रकमेतून भागवायचे होते. काम तीन वर्षांत पुरे करीन, असे जॉन्सनने सांगितले. फ्रेंच अकादमीच्या चाळीस सभासदांना त्यासाठी चाळीस वर्षे लागली होती.

फ्लीट स्ट्रीटजवळच्या गफ स्क्वेअरमध्ये त्याने घर घेतले आणि वरच्या माळ्यावर कोशाचा कारखाना मांडला. सहा मदतनीस होते. त्यांतले पाच स्कॉटलंडचे. गेल्या दीड-दोनशे वर्षांतल्या चांगल्या लेखकांचे ग्रंथ तो वाचत जाई. उपयोगी शब्द दिसला की त्याखाली पेन्सिलीने रेघ ओढायची, वाक्याचा आरंभ आणि शेवट खुणेने दाखवायचा आणि समासात त्या शब्दाचे आद्याक्षर लिहायचे. मदतनीस ते वाक्य चिठ्ठीवर उतरवून घेत आणि चिठ्ठ्या वर्णानुक्रमे लावीत. मित्रांकडून उसनी आणलेली पुस्तके खुणांनी भरून, विटून परत जात. जॉन्सनला पुस्तक देणे म्हणजे पुस्तकाचा छळ, असे मित्र म्हणू लागले होते.

या पद्धतीत जॉन्सनच्या कोशाचे मर्म आहे. विद्वानाने ठरवून दिलेला अर्थ शब्दाला चिकटवायचा, हे त्याने केले नाही. शब्द चांगल्या लेखकांनी कसकसा वापरला ते आधी पाहायचे, त्या वापरांतून अर्थच्छटा वेगळ्या करायच्या आणि प्रत्येकीला क्रमांक देऊन खाली आधार द्यायचा, असा हा क्रम. ‘बुक’चेच पाहा. कोणाच्या ‘बुक्स’मध्ये असणे म्हणजे त्याच्या मर्जीत असणे आणि ‘विदाउट बुक’ म्हणजे तोंडपाठ, हेही त्याने नोंदले. एवढ्या बारकाईने आणि एवढ्या उदाहरणांनिशी इंग्रजी शब्दांचे अर्थ त्यापूर्वी कोणी लावले नव्हते.

मात्र काम रेंगाळले. सुरुवातीची पद्धत काही वर्षांनी अपुरी ठरली आणि बरेचसे लेखन बाजूला ठेवून नव्याने मांडणी करावी लागली. काही मजकूर कागदाच्या दोन्ही बाजूंना लिहिल्यामुळे छापखान्याला चालेना; तो एकाच बाजूला पुन्हा उतरवून काढण्यात वीस पौंडांचा भुर्दंड पडला. घरखर्चासाठी १७५० पासून दोन वर्षे ‘रॅम्बलर’ हे नियतकालिक आठवड्यातून दोनदा काढावे लागले. त्याच्या २०८ अंकांपैकी जवळजवळ सगळे त्याने एकट्याने लिहिले. ते काम संपते न संपते तोच, १७५२ च्या मार्चमध्ये, टेटी वारली. जिच्यासाठी हे यश मिळवायचे ती ते पाहायला उरली नाही. त्यानंतर काही दिवसांतच फ्रान्सिस बार्बर हा जमैकात गुलामगिरीत जन्मलेला मुलगा त्याच्या घरी आला. जॉन्सनने त्याला शाळेत घातले, मुलासारखे सांभाळले आणि अखेर आपल्या मालमत्तेचा मुख्य वारसही केले. गुलामगिरीचा द्वेष करणाऱ्या जॉन्सनने ही गोष्ट बोलण्यापुरती ठेवली नाही.

त्या काळी मोठा ग्रंथ काढायचा तर एखादा उमराव आश्रयदाता म्हणून पाठीशी लागे. लेखक अर्पणपत्रिकेत त्याची स्तुती करी आणि तो लेखकाला थैली देई. कोशाचा आराखडा १७४७ मध्ये लॉर्ड चेस्टरफिल्डला उद्देशून छापला गेला. चेस्टरफिल्ड हा मोठा मुत्सद्दी आणि भाषेचा शौकीन. त्याच्याकडून जॉन्सनला दहा पौंड मिळाले. पुढे काही नाही. दिवाणखान्याबाहेर ताटकळत बसण्याची आणि दारावरून परत फिरण्याची पाळी मात्र आली. कोश पुरा होत आला, तेव्हा १७५४ च्या अखेरीस त्याच उमरावाने एका साप्ताहिकात त्याच्या स्तुतीपर दोन लेख लिहिले. अर्पणपत्रिका आपल्या नावे असावी, हा त्यातला हेतू स्पष्ट होता.

जॉन्सनने ७ फेब्रुवारी १७५५ रोजी त्याला पत्र लिहिले. त्यात अपशब्द नव्हता, आवाज चढवलेला नव्हता. सात वर्षे आपण मदतीवाचून काढली. बुडणाऱ्याला न पाहता, तो काठाला लागल्यावर मदतीचा हात पुढे करणारा तो आश्रयदाता म्हणायचा काय, असा त्याचा आशय होता. ज्यांना हे यश दाखवावे अशी माणसे उरलेली नाहीत, ही टेटीच्या मृत्यूची सलही त्यात होती. लेखकाने आश्रयदात्याची नव्हे तर वाचकाची बांधिलकी मानावी, या विचाराच्या इतिहासात ते पत्र मैलाचा दगड समजले जाते. ‘पेट्रन’ या शब्दाखाली त्याने आधार देणारा, पाठिंबा देणारा असा अर्थ दिला आणि पुढे जोडले की, हा बहुधा मग्रुरीने मदत करणारा आणि खुशामतीने मोबदला घेणारा हलकट माणूस असतो. अर्पणपत्रिका लिहिणारा म्हणजे लाचारीने स्तुती करणारा, हेही त्याने आपल्या जागी नोंदवले.

अखेर दोन जाडजूड फोलिओ खंडांत कोश बाहेर आला. शब्द ४२,७७३, उदाहरणे एक लाखाहून अधिक, प्रती दोन हजार आणि किंमत साडेचार पौंड. तीन वर्षांचे काम नऊ वर्षांनी संपले होते, पण ते एका माणसाने संपवले होते. ग्रंथव्यवसायातले शब्द त्यात अचूक आहेत. ‘स्टेशनर’ म्हणजे आधी ग्रंथविक्रेता आणि मग कागदविक्रेता. ‘पॅम्फ्लेट’ म्हणजे बांधणी न करता नुसते शिवून विकलेले छोटे पुस्तक. दुकानात वाढलेल्या मुलालाच हे भेद इतके सहज ठाऊक असावेत. ‘बुकवर्म’ म्हणजे ओल लागलेल्या पुस्तकांना पोखरणारी कसर, तसाच सारासार विचार न करता वाचत सुटणारा माणूस. ‘बुकिश’, ‘बुकफुल’ या शब्दांतली तुच्छतेची छटा त्याने बरोबर टिपली. न पचलेल्या ज्ञानाने डोके भरून घेणाऱ्यांचा त्याला तिटकारा होता. आणि कोशकार म्हणजे कोण? शब्दांची व्युत्पत्ती आणि अर्थ शोधण्यात गुंतलेला एक निरुपद्रवी खर्डेघाशा. चुकाही झाल्या. घोड्याच्या पायाच्या एका भागाचा अर्थ साफ चुकला. एका बाईंनी त्याचे कारण विचारले, तेव्हा निव्वळ अज्ञान, एवढेच त्याने प्रांजळपणे सांगितले.

कोशाने कीर्ती दिली, ऑक्सफर्डने मानाची पदवी दिली. पण कराराची रक्कम काम संपण्यापूर्वीच खर्च झाली होती. इंग्लंडभर गाजत असलेल्या या कोशकाराला १७५६ च्या मार्चमध्ये ५ पौंड १८ शिलिंगांच्या कर्जापायी अटक झाली. कादंबरीकार सॅम्युएल रिचर्डसनने सहा गिन्या पाठवल्या तेव्हा त्याची सुटका झाली. कोशातल्या ‘बुक’चा तिसरा अर्थ असा पुन्हा समोर उभा राहिला. १७५९ मध्ये आई वारली, तेव्हा तिच्या अंत्यविधीसाठी आणि तिची देणी फेडण्यासाठी त्याने एका आठवड्याच्या संध्याकाळी बसून ‘रासेलस’ ही कथा लिहिली. सुख कशात आहे हे शोधायला निघालेल्या एका राजपुत्राची ती कहाणी. प्रकाशकाने शंभर पौंड दिले आणि दुसऱ्या आवृत्तीला आणखी पंचवीस.

या ‘रासेलस’चे महाराष्ट्राशी नाते आहे. तिचे मराठी भाषांतर कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी हाती घेतले आणि त्यांचे पुत्र विष्णुशास्त्री यांनी ते पूर्ण केले. विष्णुशास्त्र्यांनी पुढे १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली आणि तीत जॉन्सनवरही विस्ताराने लिहिले. एकट्याच्या बळावर नियतकालिक चालवणारा आणि कोणाची भीडमुर्वत न ठेवणारा हा लेखक त्यांना जवळचा वाटला असल्यास नवल नाही. वडिलांचे अपुरे काम मुलाने पूर्ण करण्याचे भाग्य मात्र जॉन्सनला लाभले नव्हते.

१७६२ मध्ये तिसऱ्या जॉर्ज राजाने त्याला सालीना तीनशे पौंडांचे निवृत्तिवेतन दिले. कोशात ‘पेन्शन’ म्हणजे देशद्रोहासाठी सरकारी भाडोत्र्याला मिळणारा पैसा, असे सुचवणाऱ्या माणसाची यामुळे पुष्कळ चेष्टा झाली. त्याने ती सोसली. पोटासाठी लिहिण्याची सक्ती संपली. पुढच्याच वर्षी १६ मे रोजी, एका ग्रंथविक्रेत्याच्या दुकानातच, त्याला जेम्स बॉस्वेल भेटला. या तरुण स्कॉटिश वकिलाने लिहिलेले जॉन्सनचे चरित्र आज इंग्रजीतले अग्रगण्य चरित्र मानले जाते. शेक्सपिअरच्या नाटकांची आवृत्ती आणि इंग्रजी कवींची चरित्रे ही जॉन्सनची मोठी कामे याच उत्तरकाळातली. कवींच्या चरित्रांसाठी त्याने ग्रंथविक्रेत्यांकडे अवघ्या दोनशे गिन्या मागितल्या. पाचपट मागितल्या असत्या तरी त्यांनी दिल्या असत्या, असे त्या वेळी म्हटले गेले. वडिलांप्रमाणेच त्यालाही व्यवहार जमला नाही. त्याबद्दल त्याने तक्रारही केली नाही.

आता तो डॉक्टर जॉन्सन झाला होता. त्याच्या तोंडचे चार शब्द ऐकायला लंडनमधले नामवंत जमत. अशा वयात एकदा लिचफिल्डला आला असताना तो युटॉक्सिटरला गेला. तो बाजाराचा दिवस नेहमीप्रमाणे गजबजलेला होता. वडील ज्या जागी पुस्तके मांडीत ती जागा त्याने शोधली, डोक्यावरची टोपी काढली आणि भर पावसात बराच वेळ तिथे उघड्या डोक्याने उभा राहिला. येणारे-जाणारे पाहत होते, कोणी हसतही असेल. पन्नास वर्षांपूर्वी जे उभे राहणे त्याने अभिमानापायी नाकारले होते, ते आता प्रायश्चित्त म्हणून स्वतःहून पत्करले. १७८४ साली, मृत्यूपूर्वी थोडे दिवस, ही हकिगत त्याने लिचफिल्डच्या एका तरुण धर्मोपदेशकाला सांगितली. युटॉक्सिटरच्या बाजारात त्या प्रसंगाचे स्मारक आहे.

१३ डिसेंबर १७८४ रोजी लंडनमध्ये जॉन्सनचे निधन झाले आणि वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये त्याचे दफन झाले. एकोणिसाव्या शतकात ऑक्सफर्डचा महाकोश सुरू झाला, तेव्हा त्याच्या संपादकांनी जॉन्सनच्या काही व्याख्या त्याच्या नावाचे आद्याक्षर जोडून तशाच स्वीकारल्या. आजचे कोश अधिक अचूक आहेत, शास्त्रशुद्ध आहेत आणि लिहिणाऱ्याला अर्थापासून दूर ठेवणारे आहेत. ते योग्यही आहे. पण पुस्तक म्हणजे वाचण्याचा ग्रंथ आणि पुस्तक म्हणजे देण्याची नोंद, हे दोन्ही अर्थ लिहिताना त्या माळ्यावरच्या माणसाला आपले वडील आठवलेच नसतील, असे म्हणवत नाही. लोकांची देणी त्याने लेखणीने फेडली. वडिलांचे देणे लेखणीने फिटणारे नव्हते. त्यासाठी तो पावसात उभा राहिला.